न सांगता कळणारा हिरो

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

ताई, मी ३४ वर्षांची आहे, राजारामपुरीत सासर. मिस्टर शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर आहेत, मुलगा नऊ वर्षांचा. लॉकडाऊनमध्ये मैत्रिणीनं गोष्टींचं एक अॅप दाखवलं तेव्हापासून मला वाचायचा नाद लागलाय. आधी साध्या लव्हस्टोऱ्या वाचायचे, आता बोल्ड वाचते, इंग्लिश पण, डिक्शनरी लावून. दुपारी आवरून झालं की तासभर आणि रात्री हे झोपले की ब्राइटनेस कमी करून. गेल्या महिन्यात जेवताना फोन ताटाशेजारी होता आणि पुढचा भाग आल्याचं नोटिफिकेशन आलं, भागाचं नाव असं होतं की मी इथं लिहू शकत नाही. ह्यांनी वाचलं. हात धुवून उठले आणि रात्री एवढंच म्हणाले, "असलं वाचतीस व्हय तू? मग माझ्यात काय बघतीस?" तेव्हापासून बोलणं कामापुरतं. जावेला विश्वासानं सांगितलं तर ती म्हणाली पोराची आई झालीस, शोभतं का. पण ताई खरं सांगते, मी जो प्रसंग सात-आठ वेळा वाचला तो तसला नव्हताच. हिरो तिचे ओले केस टॉवेलनं पुसत पुसत विचारतो, आज दिवस कसा गेला, आणि ती सांगत बसते, एवढाच. आमच्यात तसं वाईट काही नाही, पण सगळं पाच मिनिटांत उरकतं आणि कधीकधी मला दुखतं, मी बोलत नाही. या पुस्तकांनी माझं डोकं बिघडलंय का? सगळं डिलीट करू का?
एक वाचक, कोल्हापूर

अगं, डिलीट काही करू नकोस आणि डोकं तर अजिबात बिघडलेलं नाही तुझं.

मी शाळेत होते तेव्हा महाद्वार रोडच्या मागच्या एका गल्लीत भाड्यानं पुस्तकं देणारी छोटी लायब्ररी होती, माझी मावसबहीण तिथून मिल्स अँड बून आणायची, वर्तमानपत्राचं कव्हर घालून, आणि गादीखाली ठेवायची, मी ती चोरून काढायचे. त्या पुस्तकांची एक गंमत होती, टेबलावर नुसतं ठेवलं की ते आपोआप एका ठराविक पानावर उघडायचं. त्या पानाचा कोपरा इतका मऊ झालेला असायचा की कागद नाही, जुनं सुती कापड वाटावं. गोष्ट काय होती ते विसरले पण तो कोपरा अजून बोटाला आठवतो, कारण तो काही एकटीच्या बोटानं झालेला नव्हता, आपल्याच गावातल्या, अंबाबाईच्या दाराशी राहणाऱ्या कितीतरी बायकांनी ते एकच पान परत परत वाचलं होतं आणि एकीलाही दुसरी कोण ते माहीत नव्हतं. तू आज ब्राइटनेस कमी करून वाचतेस ना, तो तोच कोपरा आहे बघ.

आणि ही काही नवी थेरं नाहीत. मिल्स अँड बून कंपनी लंडनमध्ये १९०८ साली सुरू झाली, पण त्यांच्याकडंच कशाला जायचं, आपल्या सातवाहन राजा हालाच्या नावावर जी गाथासप्तशती आहे, महाराष्ट्री प्राकृतातली, त्या सातशे गाथांमधल्या कितीतरी बाईच्या तोंडच्या आहेत, आणि त्यातल्या बायका शेतातून, नदीवरून, घराच्या दारातून आपल्याला काय हवंय ते बिनदिक्कत बोलतात, कुणाची चोरी नाही. मधल्या काळात काय झालं माहीत नाही असं म्हणत नाही मी, माहीत आहे, बाईनं इच्छा बोलून दाखवली की तिला नाव ठेवायची पद्धत पडली आणि आपण सगळ्यांनी ती चालवली. तुझी जाऊ तेच चालवतेय. तिच्यावर रागावू नकोस, तिला कुणी कधी विचारलेलंच नसेल.

आता या पुस्तकांमध्ये बाई ओढली का जाते ते बोलूया, कारण तुझ्या मिस्टरांना वाटतंय ते आणि खरं कारण यात फरक आहे. पुरुषांसाठी जी पिवळी पुस्तकं स्टँडवर मिळायची त्यात बाई म्हणजे नुसतं शरीर, ती काय विचार करते याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. ही नवी पुस्तकं बहुतेक बायकांनीच लिहिलेली आणि बायकांसाठी, त्यात कॅमेरा तिच्या डोक्यात असतो. तिला काय वाटलं, तिचा श्वास कधी अडकला, ती कधी घाबरली, तिला कधी थांबावंसं वाटलं. ३०० पानांच्या पुस्तकात तसले प्रसंग धरून ४० पानांचे असतील, बाकी २६० पानं एक माणूस एका बाईकडं लक्ष देतोय. ती कॉफी कशी पिते ते त्याच्या लक्षात आहे, तिनं तीन महिन्यांपूर्वी सांगितलेलं त्याच्या लक्षात आहे. आपल्याकडं घरातली बाई चहा गार पिते हे कुणाच्या लक्षात असतं गं? तू सात-आठ वेळा वाचलेला तो टॉवेलचा प्रसंग, तूच तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर पत्रात लिहून टाकलंयस. तुला भूक आहे ती कुणीतरी विचारावं याची, आणि शरीराची पण आहे, दोन्ही आहेत आणि दोन्ही चांगल्या आहेत, एकीला दुसरीच्या मागं लपवायची गरज नाही.

आणखी एक आहे ज्याचं महत्त्व कमी लेखू नये, ते म्हणजे खात्री. या जातीच्या कादंबरीचा नियमच आहे की शेवट गोड. मधे कितीही रडारड होऊ दे, शेवटी ती दोघं एकत्र येणार आणि तिला कुणी तिच्या इच्छेबद्दल शिक्षा करणार नाही. आपल्या जुन्या गोष्टींमध्ये, सिनेमात सुद्धा, ज्या बाईला काही हवं असायचं ती शेवटी मरायची नाहीतर विहिरीत उडी मारायची. इथं ती जगते, सुखात जगते. चौतीस वर्षं जिला सांभाळून बस, सांभाळून हस असं सांगितलं तिला हे वाचून मोकळं वाटलं तर त्यात नवल काय. शिवाय फोनवर वाचताना कव्हर दिसत नाही. २०११ साली ते फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे आलं, ते सुद्धा आधी इंटरनेटवर फॅन फिक्शन म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या गाजलेल्या गोष्टीवर चाहतीनं रचलेली गोष्ट म्हणून लिहिलेलं होतं, पुढं १० कोटींच्या वर प्रती गेल्या, आणि त्याला ईबुकनं मोठा हात दिला, बसमध्ये शेजारच्याला कळत नव्हतं ना बाई काय वाचतेय ते.

पण आता दुसरी बाजू, आणि ही मी तितक्याच कळकळीनं सांगतेय, कारण मी स्वतः ही पुस्तकं वाचते, आवडीनं वाचते, आणि म्हणूनच त्यांच्यातलं जे खोटं आहे त्याची मला चीड येते.

पहिलं म्हणजे तो हिरो. अॅपवरच्या निम्म्या गोष्टींत तो कुठल्यातरी मोठ्या कंपनीचा मालक, तिशीच्या आत अब्जाधीश, अॅटिट्यूड एवढा, आणि लग्न काँट्रॅक्टवर नाहीतर जबरदस्तीनं. तो तिचा फोन ट्रॅक करतो, ती कुणाशी बोलली की त्याचं डोकं फिरतं, तिनं नको म्हटलं तरी तिचा हात धरून भिंतीशी उभं करतो, आणि पानाच्या शेवटी ती विरघळते. अगं, बाईच्या मनाविरुद्ध तिचा पाठलाग करणं, तिच्यावर ऑनलाइन पाळत ठेवणं हा आपल्याकडं २०१३ सालापासून कायद्यानं गुन्हा आहे! कल्पनेत भीतीची मजा घेणं वेगळं, ते मी समजू शकते, पुस्तक मिटलं की माणूस गायब होतो, वाचणारीच्या हातात सगळा ताबा असतो. इंग्लिशमध्ये आता बऱ्याच लेखिका पहिल्या पानावर स्पष्ट लिहितात की यात काय काय आहे, ज्याला झेपणार नाही त्यानं वाचू नये. पण वीस वर्षांची पोरगी जेव्हा असे पन्नास हिरो ओळीनं वाचते आणि कुठंच काही लिहिलेलं नसतं, तेव्हा तिला संशय घेणारा बॉयफ्रेंड प्रेमळ वाटायला लागतो, अशा मुली माझ्यासमोर बसून रडलेल्या आहेत. तू ३४ची आहेस, तुला फरक कळतो, तरी वाचताना मनात तेवढं पक्कं असू दे.

दुसरं, लांबण. काही ठिकाणी लेखकाला पैसे वाचलेल्या पानांवर मिळतात, अॅमेझॉनच्या वर्गणीवर पुस्तकं वाचायला देणाऱ्या किंडल अनलिमिटेडचं तसंच आहे, आणि आपल्या अॅपवर पुढचा भाग उघडायला कॉइन लागतात. मग गोष्ट संपवायची कशाला? गैरसमज, मग त्यावर गैरसमज, अपघात, स्मृती गेली, जुनी मैत्रीण परत आली. प्रत्येक भाग बरोबर दार वाजलं की संपतो. तुझी झोप त्या दारापाशी जाते. महिन्याला कॉइनवर किती गेले ते एकदा नीट बघ, मला सांगू नकोस, तुझं तूच बघ.

तिसरं, आणि इथं मी जरा थांबणार आहे कारण तुझं पत्र इथंच येऊन पोचतं. या पुस्तकातलं सगळ्यात मोठं खोटं म्हणजे सिक्सपॅक नाही, हेलिकॉप्टर पण नाही. हिरोला न सांगता सगळं कळतं, ते. तो पहिल्याच रात्री तिच्या शरीराचा नकाशा पाठ असल्यासारखा वागतो, तिला एकदाही म्हणावं लागत नाही की असं नको, तसं कर, इथं दुखतंय, जरा हळू. दोघंही बरोबर एकाच सेकंदाला सुखाच्या शिखरावर. कुणाला कंबरदुखी नाही, पाळी नाही, शेजारच्या खोलीत सासूबाई खोकत नाहीत, कंडोम तर चुकूनमाकून. आणि इच्छा म्हणजे कायम वीज पडल्यासारखी, त्यानं नुसतं बघितलं की झालं. खऱ्या आयुष्यात लग्नाला दहा-बारा वर्षं झालेल्या बऱ्याच बायकांना इच्छा आधी येतच नाही, निवांत जवळ बसणं, बोलणं, स्पर्श सुरू झाला की मग हळूहळू येते, त्याला वेळ लागतो, पाच मिनिटांत ती दारापर्यंत पण पोचत नाही. आणि बऱ्याच बायकांना नुसत्या संभोगातून समाधान मिळत नाही, हे डॉक्टर लोकांना कधीपासून माहीत आहे, आपल्याला कुणी सांगितलेलं नाही एवढंच. पुस्तक वाचून बाईला वाटतं माझ्यातच काहीतरी कमी आहे. तुझ्यात काही कमी नाही गं.

म्हणजे या पुस्तकानं तुला हवंसं वाटणं शिकवलं, मागायचं कसं ते मात्र शिकवलं नाही. हिरॉईनला मागावंच लागत नाही ना.

आणि मागायला आपल्याकडं शब्द कुठं आहेत? मराठीत हे बोलायला बसलं की एका बाजूला शिव्या आहेत, दुसऱ्या बाजूला समागम, संभोग, म्हणजे कोर्टातलं नाहीतर दवाखान्यातलं. मधे घरातला असा शब्दच नाही. "ते", "तसलं", "आज आहे का" एवढ्यावर आयुष्य काढतो आपण. तू इंग्लिशमध्ये डिक्शनरी लावून वाचतेस ते मला लगेच पटलं, परक्या भाषेत लाज कमी लागते, मला पण तसंच व्हायचं. मराठी अॅपवरच्या लेखिका या बाबतीत धडपडतायत, कधी फार गोड गोड होतं, कधी भडक, कधी नुसतंच इंग्लिशचं उसनं, पण कुणीतरी प्रयत्न करतंय आणि त्याचं मला कौतुक आहे, कारण एकदा शब्द तयार झाले की ते तुझ्यामाझ्या घरात यायला वेळ लागत नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ साली समाजस्वास्थ्य मासिक सुरू केलं, १९५३ साली ते गेले तोवर चालवलं, त्यात ते वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना साध्या मराठीत उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला, १९३४ साली त्यांच्या बाजूनं कोर्टात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी कर्वे हरले, दंड भरला आणि पुढचा अंक काढला. हे मी तुला का सांगतेय, तर तुझ्यासारख्या एका पत्राला उत्तर देता यावं म्हणून माणसांनी इथं कोर्टाच्या पायऱ्या चढल्यात, तेव्हा ते पत्र लिहिलंस म्हणून शरमू नकोस.

आता तुझ्या पत्रातली ती एक ओळ, जी तू दोन वाक्यांच्या मधे दडपून लिहिलीस. कधीकधी दुखतं, मी बोलत नाही. माझ्या दृष्टीनं अख्ख्या पत्रात हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. दुखणं हे बाईच्या वाट्याला आलेलं ठरलेलं काम नाही. घाई झाली, ओलावा आला नाही, तर दुखतं. इन्फेक्शन असलं तर दुखतं, गर्भाशयाच्या काही त्रासांनी, बाळंतपणातल्या टाक्यांनी, औषधांनी, हार्मोन कमीजास्त झाल्यानं पण दुखतं. यातल्या बहुतेक गोष्टींवर इलाज आहे, काही तर अगदी साध्या आहेत. या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडं जा, पैशाची अडचण असेल तर सीपीआरला, आपल्या सरकारी दवाखान्यात जा, आणि आत गेल्यावर "अंगावरून जातंय" वगैरे आडून आडून सांगू नकोस, थेट म्हण की संबंधाच्या वेळी दुखतं. आणि हे कळेपर्यंत दुखत असताना सहन करून पुढं जायचं नाही. थांबायचं. हात बाजूला करायचा आणि म्हणायचं, थांबा, दुखतंय.

आता मिस्टर. त्यांचं वाक्य परत वाच, "मग माझ्यात काय बघतीस." मला त्यात राग कमी आणि धसका जास्त ऐकू येतो. दिवसभर फर्नेससमोर उभं राहून आलेला माणूस, घामानं शर्टावर मिठाच्या रेषा उमटलेल्या, त्यानं ताटावर बसून ते नाव वाचलं आणि त्याला वाटलं आपण परीक्षेत नापास झालो, आणि परीक्षा होती हेच त्याला माहीत नव्हतं. त्याला पण कुणी शिकवलेलं नाही. पुरुषाला जे काही माहीत असतं ते मित्रांच्या बढाया आणि फोनवरचे व्हिडिओ, त्यात तर बाईचा आवाज पण खोटा. तुझं पुस्तक निदान बाईच्या बाजूनं लिहिलंय. तो वाईट माणूस असता तर त्यानं फोन आपटला असता, तो हात धुवून उठला. पत्रावरून तरी मला तो दुखावलेला दिसतो. माझं चुकत असेल, तो हात उगारत असेल, फोन तपासत असेल, तुला भीती वाटत असेल, तर हे सगळं बाजूला ठेव आणि मला लगेच परत लिही, तेव्हा माझं उत्तर पूर्ण वेगळं असेल.

तसं नसेल तर बोल त्याच्याशी. पण गादीवर नको, तिथं दोघंही अवघडतात. रविवारी संध्याकाळी पोराला घरी ठेवून रंकाळ्यावर चक्कर मारा, चालताना बरं असतं, एकमेकांकडं बघावं लागत नाही, नजर पाण्यावर असते. सुरुवात पुस्तकापासूनच कर. म्हण, तुम्ही जे नाव वाचलंत ना, त्यात काय आहे ते सांगू का. आणि मग ते टॉवेलचं सांग. सगळं सांग, तिचे केस ओले होते, तो मागं बसला, घाई केली नाही, विचारलं आज दिवस कसा गेला. आणि म्हण, मी हे आठ वेळा वाचलं. बाकीचं दुखण्याचं, वेळेचं, काय आवडतं काय नाही ते हळूहळू येईल, सगळं एका फेरीत सांगायला जाऊ नकोस. तुलना करू नकोस, "त्यात तो कसा करतो बघा" असं चुकून पण तोंडातून जाऊ देऊ नकोस. आणि त्याला पण विचार, त्याला काय हवंय, त्याला कधी कुणी विचारलंय का. तो तासभर गप्प बसला, गंगावेशीच्या कट्ट्यावर दूध पिऊन घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही, तरी घाबरू नकोस, तो पण शब्द शोधत असतो गं, तुला निदान पुस्तकांनी थोडे दिलेत.

फोनचं एक राहिलं. मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि तोच फोन घेऊन गेम खेळत असणार, त्यामुळं अॅपला लॉक घाल आणि नोटिफिकेशन बंद कर. हे लपवण्यासाठी नाही, नवऱ्याला पासवर्ड सांग वाटलं तर, पण ज्याचं वय नाही त्याच्या डोळ्यासमोर ते नाव यायला नको. रात्रीचं वाचन अकराला बंद, दार वाजू दे नाहीतर पडू दे, उद्या दुपारी वाच. दुपारचा तास मात्र सोडू नकोस, तो तुझा आहे.

डॉक्टरकडं जाऊन आलीस की काय म्हणाले ते लिही मला, मी वाट बघते.